घोट्याचा घोटाळा

आधी आवाज आला. कट्! वाळकी काडी मोडावी तसा. आणि मग मी खाली.

स्थळ डेक्कन, वेळ गुरुवार संध्याकाळ, पावणेसात. पाऊस नुकताच थांबलेला, फुटपाथ चकचकीत, कानाला फोन, दुसऱ्या हातात छत्री, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. पायात वेजेस. (हो, पावसाळ्यात. आईने नंतर हेच विचारलं. तुम्ही तरी नका विचारू.) एका फरशीचा कोपरा पायाखाली डुगडुगला, डावा पाय आतल्या बाजूला वळला आणि माझं सगळं वजन घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर आलं. संपलं!

पडल्यावर माणूस सगळ्यात आधी काय बघतो? पाय? छे! आजूबाजूला कोण बघतंय ते बघतो. मीही तेच केलं. मग फोनची स्क्रीन बघितली. स्क्रीन शाबूत. हुश्श! समोरच्या टपरीवरच्या काकांनी ‘लागलं का हो?’ विचारलं, तर मी छान हसून ‘नाही नाही’ म्हटलं आणि लंगडत पाच-सहा पावलांवरची रिक्षा गाठली. ती पाच-सहा पावलं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. भाडं परवडतं त्याचं कारण तेच. तीन मजले मी बसून चढले, एकेका पायरीवर बूड टेकत, उलटी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि न बोलता परत लावून घेतलं. त्यांना काय वाटलं असेल, देव जाणे.

आणि मग त्या रात्री मी आणि माझ्या रूममेटने मिळून जे जे करू नये ते सगळं केलं. अगदी मन लावून केलं. आधी गीझरचं कडकडीत पाणी बादलीत घेऊन, त्यात मूठभर मीठ टाकून पाय बुडवून बसले. लहानपणी सहलीहून दमून आलं की आई असंच करायची ना! मग रूममेटने तिच्याकडच्या कुठल्याशा झोंबऱ्या बामने ‘नस सरळ व्हायला पाहिजे’ म्हणत दहा मिनिटं खसाखसा चोळलं. मी ओरडतेय, ती चोळतेय. शेवटी कपाटातलं जुनं क्रेप बँडेज काढून घोट्याभोवती गच्च आवळलं आणि तसंच बांधून झोपले. सकाळी उठले तेव्हा घोट्याचा पाव झाला होता आणि बोटं बधिर.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, घरी बस. पण शुक्रवारी माझं एका प्रदर्शनाचं काम होतं, पाच तास उभं राहून मुलाखती. तुमच्यापैकी बहुतेकांना सिक लीव्ह असते, मंडळी. फ्रीलान्सर आजारी पडला तर त्याला सिक लीव्ह नाही म्हणत, बेरोजगारी म्हणतात. मी वेदनाशामक गोळी घेतली, स्पोर्ट्स शूजची लेस पूर्ण सैल केली आणि गेले. मुलाखती झाल्या, छान झाल्या. संध्याकाळी बूट काढायला वीस मिनिटं लागली आणि मोजा काढल्यावर रूममेट एवढंच म्हणाली, ‘ईऽऽ!’ घोट्याच्या बाहेरच्या बाजूला कोंबडीच्या अंड्याएवढा फुगवटा आणि त्याखाली वांग्याच्या रंगाचा डाग.

शनिवारी सकाळी ऑर्थोपेडिककडे. मनात धरून गेले होते की एक्स-रे निघणार, प्लास्टर लागणार, हजारोंचं बिल होणार. डॉक्टरांनी काय केलं? बोटाने दाबलं. घोट्याच्या बाहेरच्या हाडाची मागची कड आणि टोक, मग आतल्या हाडाचं तसंच, मग करंगळीच्या बाजूने पायाच्या मधोमध जे हाड टोचून वर येतं ते, मग आतल्या बाजूला कमानीच्या वरचं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, ‘हाडावर दुखतंय की बाजूला?’ मला हाडाच्या पुढे, मऊ भागात दुखत होतं. हाडावर नाही. मग म्हणाले, ‘चार पावलं चालून दाखव.’ लंगडत का होईना, चालले. ‘पडल्यावर लगेच चालली होतीस?’ रिक्षापर्यंत, म्हटलं. ‘मग एक्स-रे नको.’

खरं सांगू? मला थोडं वाईटच वाटलं. एवढा जांभळा पाय आणि साधा एक्स-रेही नाही? पण या दाबून बघण्याला नाव आहे, ओटावा अँकल रूल्स. कॅनडातल्या ओटावामधल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेले नियम. घोटा मुरगळून आलेल्या प्रत्येकाचा एक्स-रे काढायचे आणि बहुतेकांत फ्रॅक्चर निघायचंच नाही, म्हणून त्यांनी शोधलं की नेमका कुणाचा काढायचा. या ठरावीक जागी हाड दाबल्यावर दुखत असेल, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवा. यातलं काहीच नसेल तर फ्रॅक्चर असण्याची शक्यता फारच कमी. गंमत म्हणजे सूज किती आणि डाग किती काळा, हे या नियमांत कुठेच नाही. आणि आपण तर तेवढंच बघून घाबरतो किंवा तेवढंच बघून ‘काही नाही, मुका मार आहे’ म्हणतो.

हे घरी स्वतःला दाबून बघायला हरकत नाही, पण शंका आली की डॉक्टर. पाय वेडावाकडा दिसत असेल, जखम उघडी असेल, बोटं गार किंवा निळी पडली असतील, बधिरपणा जात नसेल, तर दाबत बसूच नका, थेट जा. ज्यांना डायबिटीस आहे त्यांच्या पायाला दुखणंच कमी कळू शकतं, त्यामुळे त्यांनी ‘मला तर फारसं दुखत नाही’ यावर विसंबू नये. आणि पाच-सहा दिवस काळजी घेऊनही काडीचा फरक नाही, किंवा पोटरीच सुजून दुखायला लागली, तरी जायचं.

असो. तर फ्रॅक्चर नव्हतं. काय होतं? घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना हाडं बांधून ठेवणारे पट्टे असतात, लिगामेंट्स. पाय आत वळला की त्यातला पुढचा पट्टा सगळ्यात आधी ताणला जातो. त्याचं नाव अँटेरिअर टॅलोफिब्युलर लिगामेंट. (पाठ करून पार्टीत म्हणून बघा, इम्प्रेशन पडतं.) नुसता ताणला तर पहिली पायरी, थोडा फाटला तर दुसरी, पूर्ण तुटला तर तिसरी. माझी दुसरी. आत बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त झिरपतं, तोच तो वांग्याचा रंग.

मग डॉक्टरांनी सहज विचारलं, ‘आधी कधी मुरगळला होता?’

मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो, एकदा. कॉलेजात असताना ढोल-ताशा पथकाच्या सरावाला. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी सिंहगड उतरताना. आणि अधूनमधून जिन्यात उगाच मचकतो तो वेगळाच. हाच पाय? हाच पाय. दोन्ही वेळा काय केलं? दोन्ही वेळा बँडेज बांधलं आणि चौथ्या दिवशी परत ढोल, परत ऑफिस. मी लगेच, ‘माझा घोटा पहिल्यापासून नाजूकच आहे.’

‘घोटा नाजूक नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘दोन्ही वेळचं काम अर्धवट सोडलंयस.’

परीक्षेतल्या एटीकेटीसारखं वाटलं. आधीच्या सेमिस्टरचे दोन विषय डोक्यावर आणि आता तिसरा.

आता मुद्द्याचं, घरी करायचं काय. पहिले दोन-तीन दिवस एका शब्दात सांगायचं तर आवरा. पायाला आणि स्वतःलाही. शेक नाही, मालिश नाही, दारू नाही (शनिवारी रात्रीची पार्टी, बाय बाय), धावणं-उड्या तर नाहीच. गरम पाणी आणि चोळणं यांनी त्या भागात रक्त आणखी वाढतं आणि सूज फुगते. माझी शुक्रवारची सकाळ आठवा.

बर्फ. आपल्या घरात बर्फाची पिशवी कोणाकडे असते? पण फ्रीझरमध्ये हिवाळ्यात सोलून ठेवलेले मटार असतात. त्याहून सोयीचं काही नाही, घोट्याच्या आकारात अगदी छान बसतात. पिशवी सुती नॅपकिनमध्ये गुंडाळायची, पंधरा मिनिटं ठेवायची, काढायची. दोन-तीन तासांनी परत. थेट कातडीवर बर्फ लावायचा नाही, कातडी भाजल्यासारखी होते. आणि ठेवून झोपायचं तर मुळीच नाही. ते मटार नंतर उसळीत घालायचे का, हा प्रश्न आमच्या फ्लॅटमध्ये दोन दिवस गाजला. त्यावर स्केचपेनने ‘पाय’ असं लिहून ठेवलंय.

बर्फाबद्दल एक गंमत ऐका. रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन, म्हणजे ‘राइस’ हा शब्द अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये आपल्या पुस्तकात रूढ केला. शाळेच्या पीटीच्या सरांपासून सगळ्यांनी तो पाठ केला. आणि 2014 मध्ये खुद्द मर्किननीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं व्हायला उशीरही होऊ शकतो! 2019 मध्ये ‘पीस अँड लव्ह’ नावाचा नवा फॉर्म्युला आला, त्यात तर बर्फाचं अक्षरच नाही. त्यातल्या ‘लव्ह’मधला ओ म्हणजे चक्क ऑप्टिमिझम. मग बर्फ लावायचा की नाही? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बर्फ दुखणं कमी करायला लावायचा, लिगामेंट बरं करायला नाही. पहिले दोन दिवस दुखतंय तोवर लाव, मग विसर. मला हे पटलं.

पाय वर ठेवणं. इथे आपण सगळेच फसतो. ऑफिसात समोरच्या खुर्चीवर पाय टेकवला की आपल्याला वाटतं, झालं. नाही! पाय हृदयाच्या वर हवा. म्हणजे झोपून, पायाखाली दोन-तीन उशा. लॅपटॉप पोटावर. मी असा अख्खा लेख लिहिलाय (हाच!) आणि व्हिडिओ मीटिंगमध्ये माझ्या हनुवटीखालचा भाग सगळ्यांनी नीट बघून घेतलाय.

बँडेज. गच्च म्हणजे चांगलं, हा गैरसमज माझ्यासकट सगळ्यांचा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर जायचं, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, टाच न सोडता. बांधल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. पांढरं पडून दोनेक सेकंदांत परत गुलाबी झालं तर ठीक. मुंग्या आल्या, बोटं गार पडली, दुखणं वाढलं तर सोडून परत सैल बांधायचं. आणि रात्री झोपताना काढून ठेवायचं. काढून!

गोळ्या. पॅरासिटॅमॉल पाकिटावरच्या मात्रेत चालते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आपण चॉकलेटसारख्या खातो, पण अॅसिडिटी-अल्सर, दमा, किडनीचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत, रिकाम्या पोटी तर कोणीच नको. आणि पावसाळ्यातली खास सूचना. घोट्याबरोबर तापही असेल तर या गोळ्यांना हात लावू नका. डेंग्यूचे दिवस असतात, आणि डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय गोळीचा एक छुपा तोटा, ती दुखणं झाकते आणि आपण पाच तास उभे राहतो. कोण राहिलं होतं ते तुम्हाला माहितीये.

आता येतात खालच्या काकू. आमच्या घरमालकीण. रविवारी सकाळी त्यांना बातमी कळली आणि अकरा वाजता त्या वाटीत आंबेहळद आणि तुरटीचा रटरटलेला लेप घेऊन हजर. ‘गरम गरम लाव, सगळं ओढून घेतं.’ मी म्हटलं, काकू, बहात्तर तास गरम काही नाही सांगितलंय. त्या म्हणाल्या, ‘डॉक्टरांना काय कळतंय.’ मग आमची वाटाघाटी झाली. लेप सोमवारी, कोमट, चोळायचा नाही, नुसता पसरायचा, कातडी कुठे खरचटलेली नाही ते आधी बघायचं. काकू एवढ्यावर थांबल्या हे माझं नशीब, कारण त्यांचे दीर पायाळू आहेत! ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी, जन्मताना पायाकडून आलेला माणूस पायाळू, आणि त्याने पाय लावला की उसण जाते असं जुने लोक मानतात. उसण पाठीत भरते, माझं दुखणं घोट्यात, असं मी काकूंना पटवलं. दीर वाचले. मीही वाचले.

लेपाने बरं वाटलं का? वाटलं. कोमट, जड, सुगंधी काहीतरी पायावर आहे आणि कोणीतरी ते आपल्यासाठी ढवळून आणलंय, याने बरं वाटतंच. सूज लेपाने गेली की चार दिवस झाले म्हणून गेली, ते मी सांगू शकत नाही. चादर मात्र कायमची पिवळी झाली. हाडवैद्याकडे जाऊन ‘हाड बसवून’ घेणं मात्र वेगळी गोष्ट. हाड जागेवरच असताना फाटलेल्या पट्ट्याला कोणी झटका दिला तर तो आणखी फाटेल. तिथे वाटाघाटी नाही.

आणि मग पाचव्या दिवशी मी परत घाबरले. सूज उतरलेली, पण डाग खाली सरकलेला! घोट्यापासून निघून टाचेच्या कडेने पार बोटांपर्यंत. जिथे लागलंच नव्हतं तिथे निळं. मी डॉक्टरांना फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘गुरुत्वाकर्षण.’ एवढंच! झिरपलेलं रक्त उतारावरच्या पाण्यासारखं खाली जातं. मग त्यातल्या हिमोग्लोबिनचे तुकडे पडत जातात, त्यातून आधी हिरवट रंगाचं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन. (कावीळ झाल्यावर डोळे पिवळे होतात ते याच बिलिरुबिनमुळे.) जांभळा, निळा, हिरवा, पिवळा. बरं होण्याचा क्रम तोच.

आठव्या दिवशी आईचा व्हिडिओ कॉल. तोवर मी तिला सांगितलं नव्हतं. सातारा काही लांब नाही, पण आई म्हणजे सांगितलं की निघालीच. रूममेटने मागून जाता जाता ‘काकू, हिचा पाय बघितला का?’ असं म्हणून घात केला. कॅमेरा पायाकडे वळवावा लागला. पाय एव्हाना मस्त पिवळा. आई बघत राहिली आणि समाधानाने म्हणाली, ‘हळद छान लागलीये गं.’ मी तिला बिलिरुबिनचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीने हजर.

तिसऱ्या मजल्यावर आई चढली, भराभर चढली. खरी गोष्ट संध्याकाळी झाली, ती खाली भाजी आणायला निघाली तेव्हा. मी दारात बसून बघत होते. आई जिना उतरताना एका पायरीवर आधी उजवा पाय ठेवते, मग डावा त्याच पायरीवर आणते, मग पुढची पायरी. कठड्याला धरून, थोडी तिरकी. ती कायम अशीच उतरते. मी तिला लहानपणापासून असंच बघतेय आणि मला वाटायचं, आया अशाच उतरतात.

परत आल्यावर विचारलं. ‘अगं, ते जुनं आहे,’ म्हणाली. मी शाळेत होते तेव्हाचं. गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी अंगणातल्या शेवाळावरून घसरली, घोटा मुरगळला. घरात पंचवीस माणसं जेवायला. तिने साडीचा फडका करकचून बांधला आणि दोन दिवस उभी राहून पुरणपोळ्या केल्या. मग कोणीतरी हाडवैद्याकडे नेलं, त्याने कचकन ओढला. ‘तेव्हापासून जरा भरवसा नाही पायाचा.’ त्या वर्षीच्या पोळ्या मला आठवतात. तिचा पाय आठवत नाही. मी डोक्याला ताण देऊन बघितला, नाही आठवत.

आणि मी तिला काय सुनावणार होते? शुक्रवारी पाच तास मीही उभीच होते. माझी पंचवीस माणसं वेगळी, एवढंच.

तर आता एटीकेटीचा अभ्यास. सूज उतरायला लागली, टेकवल्यावर जीव जात नाही, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पाय हलवायला लागायचं. दुखणं सहन होईल एवढंच, पण लागायचं. कारण लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही. त्याच्यात बारीक बारीक चेता असतात, त्या मेंदूला सतत कळवत असतात, पाय आत्ता किती वाकडा आहे, फरशी डुगडुगतेय, सावर! लिगामेंट फाटलं की ही खबर उशिरा पोचायला लागते. पट्टा भरून येतो, खबऱ्या मात्र झोपलेलाच. दुखणं गेलं की आपल्याला वाटतं बरं झालं, आणि पुढच्या डुगडुगत्या फरशीवर परत खाली. माझं दोनदा राहून गेलेलं काम ते हेच.

सुरुवात हवेत अक्षरं काढण्यापासून. पाय पलंगाबाहेर काढून अंगठ्याने अ, आ, इ. इंग्रजी एबीसीडी सांगतात सगळीकडे, पण मी सांगते, मराठीच काढा. घोट्याचा खरा कस क्ष आणि ज्ञ मध्ये लागतो! मग पाय लांब करून तळव्याला ओढणी अडकवून आपल्याकडे ओढायचा, पोटरी ताणली जाते. जमिनीवर टॉवेल पसरून बोटांनी गोळा करायचा. नीट उभं राहता यायला लागलं की ओट्याला धरून टाचा वर, खाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका पायावर उभं राहणं. दात घासताना करायचं, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागत नाही. तीस सेकंद जमलं की मग डोळे मिटून. डोळे मिटल्यावर कळतं पाय किती थापा मारत होता ते. माझा चांगला उजवा पाय तीस सेकंद ठाम, डावा सातव्या सेकंदाला वॉश बेसिनला धडक.

नुसता ताणला असेल तर एक-दोन आठवड्यांत चालणं पूर्ववत होतं, थोडा फाटला असेल तर तीन ते सहा आठवडे, पूर्ण तुटला तर काही महिनेही. टर्फवर फुटबॉल आणि बॉक्स क्रिकेटवाल्यांनो, एका पायावर उड्या मारता येईपर्यंत परत जायचं नाही. स्कूटीवाल्यांनी आधी हे बघा, सिग्नलला टेकायचा तोच पाय आहे का? माझा तोच. म्हणून मी सध्या रिक्षा, आणि तीही फ्लॅट सँडल घालून. वेजेस रूममेटला देऊन टाकलेत. तिला मी फुटपाथचा पत्ताही दिलाय.

आईला मी विचारलं, जुन्या पायालाही होईल का फायदा? फॉलो-अपला गेले तेव्हा डॉक्टरांनाही विचारलं. म्हणाले, इतक्या वर्षांनी पट्टा काही पहिल्यासारखा होणार नाही, पण तोल सुधारतो, कोणत्याही वयात. फक्त शेजारी धरायला काहीतरी हवं.

आई चार दिवसांसाठी आली होती, आज बारावा. सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्याशी, माझ्या तोंडात ब्रश, तिचा एक हात ओट्यावर. दोघींचे उजवे पाय वर. ती मोठ्याने मोजते, कारण माझ्या तोंडात फेस. मी चोवीसला पडले. ती अकराला.

‘उद्या बारा,’ म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला वळली.